पिवळ्या झेंड्यावरचा गरुड

क्रेगीबर्न, मेलबर्न
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

प्रिय वासंतीताई,

चंदूचा नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून चालतो. भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं मावशीकडून कळलं. इथे मधुवंतीची चाइल्डकेअरमधली नोकरी चालू आहे. स्पृहा इयर एटमध्ये आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देते. हवा नेहमीसारखी लहरी, सकाळी जॅकेट आणि दुपारी पंखा. अण्णा ठीक आहेत. म्हणजे खाणंपिणं, बीपी, साखर सगळं ठीक आहे.

एप्रिलपासून आपण बोललेलो नाही आणि आज एकदम पत्र, तेही कागदावर, म्हणून तू दचकली असशील. फोन करणार होतो. चार वेळा नंबर काढला. पण तुझा आवाज ऐकला की मी सारवासारव करायला लागतो, लहानपणापासूनची खोड आहे ती. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहायची मला आता भीती वाटते. हसू नकोस. म्हणून एअरपोर्टच्या स्टाफ कार पार्कमध्ये, शिफ्टच्या आधी, गाडीत बसून लिहितोय. वही स्टिअरिंगवर टेकवलीये, अक्षर समजून घे. मधुवंतीची मैत्रीण अस्मिता गुरुवारी पुण्याला निघतेय, ती तुला हे आणून देईल.

आधी मुद्द्याचं सांगतो. अण्णा तीस तारखेला तिकडे येताहेत. अस्मिताचा नवरा विक्रांत अण्णांच्याच फ्लाइटने येतोय, तो त्यांना तुझ्या दारापर्यंत सोडेल. तू नाही म्हणू नकोस. का पाठवतोय तेही सांगणार आहे, पण मला जरा माझ्या पद्धतीने सांगू दे.

अण्णांच्या लांडक्राइसच्या वह्या तुझ्याकडेच आहेत ना, कपाटाच्या वरच्या खणात? बेचाळीस वह्या. जर्मनीतल्या ग्रामीण जिल्ह्यांची चिन्हं हा काय छंद झाला, असं आई जन्मभर म्हणत राहिली. कंपनीने एकोणऐंशी साली ट्रेनिंगला पाठवलं, तिथे रविवारी सायकलवर भटकताना प्रत्येक जिल्ह्याची वेगळी ढाल, वेगळा झेंडा बघितला, कुठे बैलाचं डोकं, कुठे चावी, कुठे गव्हाच्या ओंब्या, आणि माणूस वेडा झाला. शेजारचे जर्मनीहून येताना घड्याळ आणायचे, आपले वडील वही घेऊन आले. ड्रॉइंग ऑफिसातला हात, रेघ कधी हलायची नाही. तिकडे दोन जिल्हे एकत्र केले की इकडे चिंचवडला अण्णांचे दोन रविवार नव्या ढालीत जायचे. आता दोनशे चौऱ्याण्णव उरलेत, आणि सगळे पाठ. तुलाही दीडशे तरी यायचे. मी मात्र पन्नासाच्या पुढे कधी गेलो नाही.

आमच्या घराच्या पुढच्या लॉनवर आधीच्या मालकाने झेंड्याची काठी उभी करून ठेवलीये. मे महिन्यात अण्णा आले, टॅक्सीतून उतरले, आणि ती काठी बघून बॅगा तशाच सोडून तिच्याकडे गेले. भुकेल्या माणसाला वाढलेलं ताट दिसावं तसा चेहरा झाला होता. मग मधुवंतीचं शिलाई मशीन त्यांच्या खोलीत गेलं. कापड आणायचं, आकार कापायचे, दोन्ही बाजूंनी शिवायचे. दर सोमवारी नवा जिल्हा. टपालवाला थांबून विचारायचा, या आठवड्यात कुठला, मेट? मला थोडी लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. पण आई गेल्यापासून त्यांना इतकं रमलेलं मी बघितलं नव्हतं.

दिवाळीच्या आठवड्यात त्यांनी पिवळा झेंडा चढवला. पिवळ्यावर काळा गरुड, पंख पसरलेला, नख्या आणि जीभ लाल. त्या जिल्ह्याचं नाव मी इथे लिहीत नाही. कागदावरसुद्धा नको वाटतं, बघ माझी काय अवस्था आहे ती. शेकडो वर्षांपूर्वीचा पक्षी तो, त्या बिचाऱ्याचा कशाशीच काही संबंध नाही. शुक्रवारी लक्ष्मीपूजन. मधुवंतीने दुपारभर खपून गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर रांगोळी काढली. कमळं, पावलं, आणि मधोमध चांगलं हातभर लांबीरुंदीचं स्वस्तिक, लाल रंगात भरलेलं.

आता ताई, रस्त्यावरून बघ. वर जर्मन झेंडा, त्यावर काळा गरुड. खाली स्वस्तिक.

घरात आम्ही तीन मोठी माणसं, तिघंही शिकलेले, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. स्वस्तिक म्हणजे आपली दिवाळी, झेंडा म्हणजे अण्णांचा उद्योग, दोन्ही रोजचंच. दोन्ही एका फोटोत मावतात हे कुणाला सुचणार?

फोटो सबर्बच्या फेसबुक ग्रुपवर गेला. ‘मला वाटतंय तेच आहे का हे?’ एवढंच वर लिहिलेलं. पाडव्याच्या सकाळी स्पृहाने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, डॅड, दॅट्स अवर हाउस. तीनशे बारा कमेंट्स होत्या. एकाने घराचा नंबर टाकला होता, दुसऱ्याने ‘थँक्स’ म्हटलं होतं. बाहेर जाऊन बघतो तर गॅरेजच्या दारावर अंडी फुटलेली, आणि लेटरबॉक्समध्ये एक कागद, त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘आम्ही बघतोय’. मी झेंडा उतरवला आणि कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये कोंबला, का ते विचारू नकोस. पाइप लावून रांगोळी धुऊन काढली. पाडव्याला स्वतःच्या हाताने स्वतःच्या दारातली रांगोळी धुतली. मधुवंती खिडकीतून बघत होती, तिने डोळे पुसले आणि पडदा ओढून घेतला.

इथे त्या चिन्हांवर बंदीचा कायदा आहे. तुरुंगसुद्धा होऊ शकतो. ऑगस्टमध्ये मी सिटिझनशिपची टेस्ट पास झालो, आता फक्त पत्र यायचं राहिलंय, आणि त्या अर्जात तुमचं चारित्र्य कसं आहे ते बघतात. एअरपोर्टवर काम करायला गळ्यात जे कार्ड लागतं, तेही पोलीस तपासणी करूनच मिळतं. तेरा वर्षं इथे जे जे जमवलं, ते त्या दोन कागदांवर उभं आहे. अंडी पुसताना माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं. एक गाडी घरासमोरून सावकाश गेली, परत आली, परत गेली.

तीन वाजता पोलीस आले. एक वयस्कर माणूस, गप्प, आणि एक तरुण बाई. तिने दारातच विचारलं, शूज काढू का. रांगोळीचं तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, धर्माच्या स्वस्तिकाला कायद्यात सूट आहे, नो वरीज, फक्त झेंड्याची तक्रार आलीये म्हणून विचारायला हवं. चहासुद्धा घेते म्हणाली. ताई, मी आता शांतपणे आठवतो तेव्हा मला स्पष्ट दिसतं, की घाबरण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

अण्णा आतून आले. धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून, काखेत फाइल. पंचेचाळीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच आपण होऊन विचारायला आलं होतं ना. फाइल उघडून त्यांनी छान इंग्रजीत सुरुवात केली, मॅडम, हा एका काउंटीचा झेंडा आहे. आणि मी मध्येच बोललो.

मी म्हणालो, “माझ्या वडिलांना डिमेन्शिया आहे. ते काय करतात ते त्यांना कळत नाही.”

मला कुणी काही विचारलंही नव्हतं. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर इतकं सोपं वाटलं, की मी आणखी दोन वाक्यं जोडली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग फाइल बंद केली, सोफ्यावर बसले आणि त्या बाईकडे बघून हसले. लहान मूल परक्या माणसाला हसतं तसं. तिचा आवाज एकदम बदलला. खाली वाकून त्यांच्याशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. ड्रॉइंग ऑफिसच्या आपल्या हेडशी. वहीत काहीतरी लिहून घेतलं, म्हणाली डॉक्टरांना दाखवा, मदत मिळते, मी काही आठवड्यांनी पुन्हा डोकावून जाईन.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याच संध्याकाळी मी त्या ग्रुपवर पोस्ट टाकली: वडील आजारी आहेत, गैरसमजाबद्दल माफ करा. ताई, लोक इतके चांगले वागायला लागले की मला रडू यायचं. एक जण येऊन गॅरेजचं दार धुऊन गेला. दोन घरांतून बनाना ब्रेड आला. समोरची बाई, जिने फोटो काढला होता, ती स्वतः आली, तिच्या आईला हेच झालं होतं म्हणाली आणि अण्णांना मिठी मारून रडली. अण्णांनी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं. पाच मिनिटांनी परत विचारलं. मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, आता जरा जास्तच करताहेत हे.

मधुवंती म्हणत होती, जा आणि खरं सांगून टाक, बनाना ब्रेड परत दे. मी म्हटलं पत्र येऊ दे आधी.

आणि मग मला कागद हवासा वाटायला लागला. पोलीस परत आले तर दाखवायला काहीतरी हवं ना. त्या गुरुवारी मी अण्णांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. वाटेत काही बोललो नाही, ते बाहेर बघत होते. डॉक्टरने तारीख विचारली, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आणि कागद देऊन म्हणाली घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं. अण्णांनी पेन्सिल हातात घेतली. गोल काढला, तोही वाकडा, आणि बाराही आकडे एका बाजूला दाटीवाटीने लिहिले. मी बघत होतो. त्यांनी चुकीचा गोल काढलेला मी आयुष्यात बघितला नव्हता. डॉक्टरने पाच डिसेंबरची मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

गाडीत बसल्यावर अण्णा बेल्ट लावता लावता म्हणाले, “जमलं ना रे? आता तुझं काम होईल ना?”

मी किल्ली फिरवली. माफी मागायची तर ती जागा होती. मी म्हटलं, हो अण्णा, होईल.

त्या दिवशी निदान एवढं तरी माहीत होतं, की ते नाटक करताहेत. माझ्यासाठी करताहेत. लाज वाटत होती, पण जीव थाऱ्यावर होता.

गेल्या बुधवारी ते दूध आणायला गेले आणि तीन तास आले नाहीत. स्टेशनच्या बाकावर बसलेले समोरच्या बाईला दिसले, ती गाडीतून घेऊन आली. ती गेल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, अण्णा, आता घरात आपण दोघंच आहोत, पुरे झालं. ते बरं म्हणाले. जाऊन खुर्चीत बसले आणि मला विचारलं, तुझी आई अजून आली नाही का?

मी ओरडलो त्यांच्यावर. तुला कुणीतरी सांगायच्या आत मीच सांगतो. सूड घेताय का माझ्यावर, असं विचारलं. ते घाबरले. खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. मला तेही नाटकच वाटलं, किंवा वाटून घेतलं.

आता ते लिहितो, जे मी पहिल्या ओळीपासून टाळतोय. मार्चमध्ये तू फोन केला होतास. अण्णांकडून गॅस दोनदा चालू राहिला, बँकेतून येताना रिक्षावाल्याला पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेल्या क्वार्टरचा पत्ता सांगितला, डॉक्टरांना दाखवायला हवं, असं तू म्हणत होतीस. मी काय म्हणालो ते तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. सांभाळायचा कंटाळा आला म्हणून त्यांना वेडं ठरवतेस, असं म्हणालो मी. तू फोन ठेवलास. एप्रिलमध्ये अण्णांचा व्हिसा आला ते सांगायला मी फोन केला तेव्हा तू फक्त ‘ने’ म्हणालीस. तुला दाखवून द्यायलाच मी त्यांना इथे आणलं. आणि सहा महिने दाखवत राहिलो, सगळ्यांना, एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि दोनशे चौऱ्याण्णव झेंडे पाठ आहेत. ते एखादी गोष्ट विसरले की मी म्हणायचो जेट लॅग. मग म्हणायचो थंडी. मग म्हणायचो, वय झालं, मीही विसरतो.

परवा रविवारी तो फोटो मी परत काढून बघितला. समोरच्या बाईने ग्रुपवरून केव्हाच काढून टाकलाय, पण माझ्या फोनमध्ये आहे. बघायचा म्हणून नाही, कमेंट्स आठवतात आणि बोट आपोआप तिकडे जातं. तुला अण्णांचा नियम आठवतो? झेंड्यावरचं जनावर काठीकडे बघतं. कुठल्याही बाजूने बघितलं तरी तोंड काठीकडेच. काठी सैनिकाच्या हातात असते, तिला पाठ दाखवून चालत नाही, असं म्हणत माझं झेंड्याचं एक सबंध चित्र त्यांनी फाडलं होतं, मी दुसरीत असताना.

फोटोतला गरुड काठीकडे पाठ करून आहे.

मी फोन आडवा केला, उलटा केला, मोठा करून बघितला. पाठच आहे. हा झेंडा त्यांनी ऑक्टोबरमध्ये शिवला, ताई. पोलीस यायच्या आधी, मी ते वाक्य बोलायच्या आधी. तेव्हा नाटक करायचं कुणासाठी आणि कशाला? मी धावत ड्रायर उघडायला गेलो, झेंडा बाहेर काढून जमिनीवर पसरला. दोन्ही बाजूंनी तसाच शिवलाय. टाके मात्र सुरेख आहेत.

झेंडा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, अण्णा, यात काय चुकलंय? त्यांनी चष्मा लावला, गरुडावरून हात फिरवला, कितीतरी वेळ बघितलं. मी मनात म्हणत होतो, ओळखा, आणि मला शिव्या घाला. ते म्हणाले, “काही नाही रे. छान शिवलंय. कुणी केलं?”

आता मला कळत नाही. गाडीत ‘जमलं ना’ म्हणाले तेव्हा ते नाटक करत होते, की घड्याळ तसंच येत होतं आणि मला वाईट वाटू नये म्हणून नाटकाचं नाटक केलं? त्यांनी तसं केलं असतं का? तू ओळखतेस त्यांना, केलं असतं. पाच तारखेला मेमरी क्लिनिक आहे. तिथे काय निघेल याची मला भीती वाटते. नाटक निघालं तर मी पोलिसांशी खोटं बोललो. खरं निघालं तर… म्हणून तीस तारखेचं तिकीट काढलं. मधुवंती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. अण्णांना विचारलं, जायचं का पुण्याला, तर म्हणाले, तू म्हणशील तसं. त्यांना पाठवतोय म्हणजे पळून मी जातोय, हे मला कळतं. तू तसं म्हणालीस तर मी काही बोलणार नाही.

ते आले की लगेच काही विचारू नकोस. चार दिवस जाऊ देत. मग घरात कुणी नसताना, त्यांच्या आवडीचं काही करून, शेजारी बस आणि विचार. तुझ्याशी ते कधी खोटं बोलले नाहीत. मार्चमध्येही तू त्यांच्याकडे बघत होतीस आणि मी फक्त तुझ्याशी भांडत होतो.

ते मला शिव्या देत असतील तर त्या शिव्या जशाच्या तशा कळव. मरेपर्यंत तोंड बघणार नाही म्हणाले असतील तर तेही कळव. सिटिझनशिप गेली, कार्ड गेलं तरी मी बघून घेईन, कुठेतरी टॅक्सी चालवीन. फक्त मी त्या दिवशी खोटं बोललो होतो, धडधडीत खोटं बोललो होतो, एवढं तू मला लिहून पाठव.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा, आणि त्यालाच घाबरणारा,
चंदू